फर्नेस कुठे बसवायची? कॅनडा-अमेरिकेत पहिलं घर घेणाऱ्यांसाठी

टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या आमच्या घरात फर्नेस, म्हणजे हिवाळ्यात घर तापवणारं यंत्र, बेसमेंटच्या अगदी मधोमध होती. गणपतीत पंगत बसली की अर्धी माणसं तिच्या अलीकडे, अर्धी पलीकडे, आणि वाढणारा मधल्या मध्ये वळसे घालतोय. म्हणून बेसमेंट नीट करून घेताना आम्ही ती उचलून मागच्या कोपऱ्यात नेली. हॉल झकास झाला. मग जानेवारी आला. खालच्या मजल्यावरचा थर्मोस्टॅट २१ दाखवायचा आणि वर, गराजच्या डोक्यावर असलेल्या मुलीच्या खोलीत १६. पोरगी स्वेटर घालून, वर दोन गोधड्या घेऊन झोपायची. फर्नेस तीच, गॅस तोच. बदलली होती फक्त जागा.

मी यातली इंजिनियर नाही. पण ती चूक निस्तरताना आणि पुढे दुसऱ्या घराच्या वेळी जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पुण्या-नाशकाहून आलेल्या आपल्यासारख्यांनी फर्नेस नावाची वस्तू आधी पाहिलेलीच नसते, त्यामुळे बिल्डर किंवा कॉन्ट्रॅक्टर म्हणेल त्याला आपण मान डोलावतो. निदान कुठे मान डोलवायची नाही, एवढं कळावं.

थोडक्यात यंत्र असं: पत्र्याच्या उभ्या पेटीत गॅस जळतो, त्या आचेने आतला हीट एक्स्चेंजर तापतो, आणि पंखा घरातलीच हवा त्याच्यावरून ढकलून डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या नळांतून, खोल्याखोल्यांत पाठवतो. गार झालेली हवा रिटर्नच्या जाळीतून परत येते. जळालेला धूर आणि घरातली हवा एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळू लागल्या तर घोटाळा, तो पुढे सांगते. तेलावर किंवा विजेवर चालणाऱ्या फर्नेसही असतात, पण हा लेख नळाने येणाऱ्या गॅसच्या फर्नेसबद्दल आहे.

पहिली पायरी: हलवायची गरज खरंच आहे का?

जुनी फर्नेस काढून नवी बसवत असाल, तर नव्वद टक्के वेळा उत्तर आहे "आहे तिथेच". कारण जागा बदलली की पेटी एकटी हलत नाही. गॅसचा पाइप, विजेची तार, मुख्य डक्ट, धुराचा पाइप, पाण्याचा निचरा आणि एसी असेल तर त्याचे तांब्याचे पाइप, अशी वरात निघते. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने आम्हाला पेटी हलवायचा खर्च सांगितला आणि डक्टचं नवं गणित काही केलंच नाही. आम्हीही विचारलं नाही.

जागेचा खरा निर्णय तुमच्या हातात असतो तो नवं घर बांधताना किंवा घराला वाढीव भाग जोडताना. बिल्डरकडून घर घेत असाल तर फरशा आणि किचनचे कप्पे निवडायच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी मेकॅनिकल ड्रॉइंग मागा. त्यात फर्नेस, डक्ट आणि व्हेंट (धुराचे पाइप) कुठे आहेत ते दिसतं.

दुसरी पायरी: आधी आकार, मग जागा

घराला किती उष्णता लागते याचा हिशोब खोलीवार करतात. कॅनडात त्याला एफ२८० म्हणतात, अमेरिकेत मॅन्युअल जे. "तुमचं घर दोन हजार स्क्वेअर फूट ना, मग ऐंशी हजार बीटीयू" (बीटीयू हे उष्णतेचं माप, फर्नेसचं तासाला धरतात) असं कोणी उभ्या उभ्या सांगितलं, तर दुसऱ्याला बोलवा. गरजेपेक्षा मोठी फर्नेस झटक्यात घर तापवते, बंद पडते, पुन्हा पेटते आणि लांबच्या खोल्यांपर्यंत ऊब पोचायच्या आत थर्मोस्टॅट खूश होऊन बसतो.

तिसरी पायरी: कोणकोणत्या जागा शक्य आहेत

थंड मुलखात बेसमेंट हीच पहिली पसंती. ऑन्टारियोत जमीन हिवाळ्यात खोलवर गोठते, म्हणून घराचा पाया निदान चार फूट खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून खोली काढलेली परवडते, म्हणून इथे घरोघरी बेसमेंट. शिवाय गरम हवा वर चढते. पूर्वी पंख्याशिवाय चालणाऱ्या कोळशाच्या फर्नेस होत्या, त्यांना तर खाली बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बेसमेंटमध्ये गोठण्याची भीती नसते, डक्ट घराच्या उबेतच राहतात आणि गळलेली ऊबसुद्धा घरातच मुरते.

टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोनाकडे बहुतेक घरांना बेसमेंट नसतं. तिथे फर्नेस गराजमध्ये, कपाटवजा खोलीत, नाहीतर ॲटिकमध्ये म्हणजे पोटमाळ्यावर.

पोटमाळा मला स्वतःला अजिबात पटत नाही. घराची जागा वाचते हे खरं, पण उन्हाळ्यात तिथे भट्टी आणि हिवाळ्यात गारठा, आणि डक्ट त्यातूनच जाणार. सर्वसाधारण घरात डक्टच्या फटींतून वीस ते तीस टक्के हवा गळते असं अमेरिकेचा एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो. बेसमेंटमध्ये ती गळून घरातच राहते, माळ्यावर गळली की छपराला ऊब देते. तरी माळाच घ्यायचा असेल तर अमेरिकेतले नेहमीचे नियम असे: चढायचं भोक निदान २० बाय ३० इंच, तिथून फर्नेसपर्यंत २४ इंच रुंद पक्की फळी, वाट २० फुटांहून लांब नको, पुढ्यात ३० बाय ३० इंच सपाट जागा, आणि एक दिवा व विजेचा पॉइंट. यातली फळी आणि दिवा या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. त्याची शिक्षा पुढे बॅटरी तोंडात धरून तुळयांवरून रांगणारा टेक्निशियन भोगतो.

गराजमध्ये बसवायची तर ठिणगी किंवा ज्योत जिथे असेल तो भाग जमिनीपासून १८ इंच वर हवा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. गाडीचा धक्का लागू नये म्हणून पुढे लोखंडी खांब रोवतात. आणि गराजमधल्या डक्टला गराजच्या बाजूने एकही भोक नको. गाडीचा धूर फर्नेसनेच घरभर वाटला असं व्हायला नको.

बेडरूम, बाथरूम किंवा त्यांच्याच कपाटात घरातली हवा घेऊन जळणारी फर्नेस बसवायची नाही. बाहेरून हवा ओढून बाहेरच धूर सोडणाऱ्या बंद प्रकाराला काही ठिकाणी सूट असते, पण मला विचाराल तर तीही घेऊ नये. डोक्याशी फर्नेस घेऊन कोण झोपतं?

इथे एक ठरलेला फोन येतो. सासूबाई पुण्याहून विचारतात, "अग्नी आहे ना, मग आग्नेयेला ठेवलीत का?" आमची नैर्ऋत्येला आहे. तुम्हाला वास्तू पाळायची असेल तर जरूर पाळा, पण खालचं सगळं जुळत असेल तरच.

चौथी पायरी: हवेची वाट कागदावर काढा

चौकटीच्या वहीवर प्रत्येक मजल्याचा आराखडा काढा, एक चौकट म्हणजे एक फूट. ज्या जागेचा विचार करताय तिथून सर्वात लांबच्या खोलीपर्यंत पेन्सिलीने डक्टचा मार्ग ओढा. सरळ रेष नाही, तुळया आणि भिंती जातात तसा. प्रत्येक वळणावर फुली मारा. काटकोनातलं एक वळण म्हणजे हवेच्या लेखी कित्येक फुटांचा सरळ डक्ट.

आमच्या घराचं हे चित्र मी चूक झाल्यावर काढलं. फर्नेस मधोमध असताना मुलीच्या खोलीपर्यंत २२ फूट आणि दोन वळणं. कोपऱ्यात नेल्यावर ४१ फूट आणि पाच वळणं, त्यातला शेवटचा तुकडा गार गराजच्या छतातून. १६ डिग्रीचं उत्तर त्या पानावरच होतं. पुढे गराजच्या छतातला डक्ट नीट लपेटून घेतला, सांध्यांना मॅस्टिक (फटी बुजवायचा लेप) लावलं, खोलीत वेगळा रिटर्न काढला. आता १९ पर्यंत जातं. २१ होत नाही.

तेव्हा पहिला नियम हा की घराच्या मध्याजवळ जितकं जमेल तितकं जा. मधोमध जमत नसेल, तर जी खोली सर्वात गार पडते तिच्या बाजूला झुका: उत्तरेकडची, गराजवरची, तीन बाजूंनी बाहेरच्या भिंती असलेली.

रिटर्नकडे लोक बघतच नाहीत. जेवढी हवा पाठवायची तेवढीच परत यायला हवी. दार लावलेल्या खोलीत हवा शिरते पण निघत नाही, मग ती शिरायचीही थांबते. बाथरूम, गराज आणि जिथे गॅसची उपकरणं आहेत त्या खोलीतून रिटर्न घ्यायचा नाही. स्वयंपाकघराशेजारीही नको. आमच्या एका मैत्रिणीकडे रिटर्नची जाळी गॅसपासून पाचेक फुटांवर आहे. तिने खाली लसणाची फोडणी दिली की वर झोपलेल्या माणसाला ठसका लागतो.

पाचवी पायरी: आत येणारी हवा, बाहेर जाणारा धूर

यावर घाई करू नका. महाराष्ट्रात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तिथे जे घडतं तेच इथे बेसमेंटमध्ये घडू शकतं: ज्योतीला हवा पुरत नाही, जळणं अर्धवट होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही.

फर्नेस दोन जातींच्या. जुन्या, साधारण ऐंशी टक्के कार्यक्षमतेच्या, खोलीतली हवा घेतात आणि गरम धूर लोखंडी पाइपने किंवा धुराड्याने वर सोडतात. नव्या कंडेन्सिंग फर्नेस धुरातलीही उष्णता पिळून घेतात. धूर इतका निवतो की प्लास्टिकच्या पाइपने भिंतीतून आडवा बाहेर काढता येतो. बहुतेकींना बाहेरून हवा आणणारा दुसरा पाइपही जोडतात. कॅनडात जुलै २०१९पासून घरगुती गॅस फर्नेसला ९५ टक्के कार्यक्षमतेची अट आहे, म्हणून इथे नवी घ्याल ती याच जातीची. अमेरिकेत ऐंशी टक्केवाल्या अजून भेटतात.

खोलीतली हवा वापरणारी फर्नेस असेल तर हा आडाखा लक्षात ठेवा: दर हजार बीटीयूमागे ५० घनफूट मोकळी जागा. फर्नेस ८०,००० आणि शेजारचा, गॅसवर पाणी तापवणारा टँक ४०,००० धरला तर एकूण १,२०,००० बीटीयू, म्हणजे ६,००० घनफूट. आठ फूट उंचीच्या बेसमेंटमध्ये हे ७५० चौरस फूट झाले. उघड्या बेसमेंटमध्ये सहज मिळतात. पण आईबाबा सहा महिने येणार म्हणून आपण खोल्या पाडतो आणि फर्नेसभोवती आठ बाय दहाची खोली बांधून दार लावून टाकतो. तिथे उरले ६४० घनफूट, गरजेच्या जेमतेम दहावा हिस्सा. मग शेजारच्या मोठ्या जागेत उघडणारी दोन भोकं लागतात: एक छतापासून फूटभराच्या आत, एक जमिनीपासून फूटभराच्या आत. दर हजार बीटीयूला एक चौरस इंच आणि कमीत कमी शंभर. आपल्या उदाहरणात प्रत्येकी १२० चौरस इंच, म्हणजे १० बाय १२ ची मोकळी खिडकी. त्यावर लाकडी झडपांची जाळी लावलीत तर मोकळी जागा पावभर धरतात, तेव्हा भोक त्या मानाने मोठं हवं. घट्ट बांधणीच्या नव्या घरांना हा ५० घनफुटांचा आडाखाही पुरत नाही, तिथे बाहेरूनच हवा आणावी लागते.

आता एक फसगत, जी नवी फर्नेस घेणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. जुनी फर्नेस आणि पाण्याचा टँक एकाच धुराड्यात धूर सोडत होते. नवी फर्नेस भिंतीतून धूर काढते, टँक एकटा मागे राहतो. दोघांसाठी बांधलेलं रुंद धुराडं एकट्या टँकच्या धुराने तापत नाही, धूर निवतो, ओल धरते, कधी उलटा घरात येतो. धुराड्यात लहान व्यासाचं अस्तर घालायचं, किंवा टँकही बदलायचा. कोटेशनमध्ये याचा उल्लेख नसेल तर स्वतः विचारा.

भिंतीतून बाहेर पडणाऱ्या पाइपचं तोंड कुठे निघेल ते घराबाहेर उभं राहून ठरवा, आत नव्हे. जमिनीवर साचणाऱ्या बर्फाच्या अपेक्षित थरापासून निदान १२ इंच वर. उघडणाऱ्या खिडक्या, दारं, गॅसचा मीटर यांच्यापासून किती लांब, ते फर्नेसच्या पुस्तिकेत आणि स्थानिक नियमांत लिहिलेलं असतं. तो आकडा कोणाच्या तोंडून घेऊ नका, छापलेला बघा. पायवाटेवर तोंड नको, कारण त्या वाफेचं पाणी होतं आणि पाण्याचा बर्फ. शेजाऱ्याचं घर चार फुटांवर असेल तर वाफ त्याच्या खिडकीवर जाणार, आणि मग शेजारधर्म कसोटीला लागतो. ऑन्टारियोत हा प्लास्टिकचा पाइप एस६३६ छापाचा लागतो, साध्या नळकामाचा चालत नाही. पाइपवर छापलेलं असतं, वाचता येतं.

सहावी पायरी: पाणी

कंडेन्सिंग फर्नेस धुरातून पाणी काढते, कडाक्याच्या थंडीत दिवसाला कित्येक लिटर. ते आंबट असतं, सिमेंट हळूहळू खातं. म्हणून जमिनीत निचऱ्याचं भोक जवळ असलेली जागा सोन्यासारखी. नसेल तर छोटा पंप लागतो. पंप बंद पडला की फर्नेस बंद, आणि हे नेहमी उणे वीसच्या रात्रीच घडतं. गराज किंवा माळ्यात ही नळी गोठू शकते.

बाहेरून येणारं पाणी वेगळं. ८ जुलै २०१३च्या संध्याकाळी टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या २६ जुलैच्या ९४४ मिलिमीटरपुढे हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा, पण इथली गटारं त्याने तुंबली आणि बेसमेंटं भरली. बेसमेंटच्या सर्वात सखल कोपऱ्यात फर्नेस ठेवू नका, आणि खाली सिमेंटचा ओटा करून घ्या. उतार कळायला बादलीभर पाणी ओतून बघा, कुठे जातं ते.

सातवी पायरी: माणूस पोचतो का?

एक गंमत करा. खोक्यांचा पुठ्ठा जोडून २१ इंच रुंद, २९ इंच खोल, ३४ इंच उंच पेटी बनवा. ठरवलेल्या जागी ठेवा. वर एसीची कॉइल आणि प्लेनम (डक्टांना हवा वाटणारी पत्र्याची पेटी) येणार, म्हणून त्यावर आणखी अडीच-तीन फूट धरा. छताच्या तुळईखाली बसतं का बघा. पुढ्यात ३० इंच मोकळे सोडा आणि गुडघे टेकून बसून बघा. मग बाजूने फिल्टर काढायचं नाटक करा: १६ बाय २५ इंचाचा फिल्टर पूर्ण बाहेर यायला तेवढीच जागा लागते. आम्ही भिंत बांधली ती फिल्टरपासून १२ इंचांवर. पहिली दोन वर्षं तो वाकवून, अर्धा मोडून काढत होतो.

शेवटी तीच पेटी उचलून जिन्यावरून वर न्या. पंधरा-वीस वर्षांनी फर्नेस त्याच वाटेने जाणार आहे.

शेजारी कपडे धुवायचं यंत्र असेल तर ब्लीचची वाफ लक्षात घ्या. क्लोरीन ज्योतीत गेलं की हीट एक्स्चेंजर गंजतो. रंगाचे डबे, थिनर त्या खोलीत नकोत. आणि आवाज: पाहुण्यांची खोली भिंतीला भिंत लावून असेल, तर पंखा दर वीस मिनिटांनी उठवेल.

आठवी पायरी: परवाना आणि अलार्म

गॅसचं काम हौशीने करायचं नाही. ऑन्टारियोत टीएसएसए या सुरक्षेचे नियम बघणाऱ्या संस्थेकडे नोंदलेला कॉन्ट्रॅक्टरच लागतो. अमेरिकेत राज्य आणि गावानुसार परवाना व तपासणी. बेसमेंट भाड्याने द्यायचा विचार असेल तर जागा ठरवण्याआधीच नगरपालिकेत विचारा, कारण दोन बिऱ्हाडांना एक फर्नेस म्हटलं की आग आणि धूर अडवण्याचे वेगळे नियम लागतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑन्टारियोत ऑक्टोबर २०१४पासून झोपायच्या खोल्यांजवळ कायद्याने आवश्यक झाला, आणि जानेवारी २०२६पासून प्रत्येक मजल्यावरही. मी प्रत्येक मजल्यावर लावला आहे.

भिंतींना ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) लागायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाइपचा, डक्टचा, गॅसच्या खटक्याचा फोटो काढून ठेवा.

आणि फर्नेसचं विजेचं बटण कुठे येतंय ते बघा. ते हुबेहूब दिव्याच्या बटणासारखं दिसतं, पुष्कळदा जिन्याजवळच असतं. सासरे आले तेव्हा वीज वाचवायच्या सवयीने त्यांनी ते रात्री बंद केलं. सकाळी घर तेरा डिग्रीवर, आणि आम्ही टेक्निशियनला फोन लावतोय. आता त्या बटणावर मोठ्या अक्षरांत मराठी चिठ्ठी आहे: "हा दिवा नाही."